वरचं दूध

मुलगी कुरकुरायला लागली की माझ्या पायांची बोटं आपोआप आत वळायची. अजून तिला जवळही घेतलेलं नसायचं. दुपट्यात घट्ट गुंडाळलेली, टोपडं बांधलेली ती एवढंसं तोंड हलवत दूध शोधत असायची आणि मी, तिची आई, भिंतीला टेकून दातांत पदर धरून बसलेली असायचे. तिनं पहिली ओढ घेतली की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. दोन्ही स्तनाग्रांना चिरा पडल्या होत्या. एकदा तिच्या ओठांच्या कोपऱ्यात रक्त दिसलं तेव्हा मी ओरडलेच, वाटलं तिलाच काहीतरी झालं. ते रक्त माझं होतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, साताऱ्याला व्हायचं ठरलं होतं. पण शेवटच्या महिन्यांत डॉक्टरीणबाईंनी रेल्वेचा लांबचा प्रवास बंद केला, आणि तिकडे आईचा पाय मोडला, त्यामुळे तिलाही येता येईना. काशीयात्रेला निघालेल्या ओळखीच्या माणसांबरोबर तिनं बाळंतविडा तेवढा पाठवला: खणाची कुंची, जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी आणि हातानं शिवलेली टोपडी, प्रत्येकाला हनुवटीखाली बांधायला लांब बंद. मी ती टोपडी छातीशी धरून रडले होते. नव्वदच्या दशकातली ती पहिलीच थंडी, काशीतल्या आमच्या दूधविनायकाच्या गल्लीत दिवसभर ऊन म्हणून उतरत नव्हतं. गल्लीचं नाव दूधविनायक आणि मी दुधापायी रडते आहे, याचा मला भयंकर राग यायचा. विनायकाचाही यायचा.

सासरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या काशीत राहिलेले. घरात पूजापाठ, सोवळं कडक. मूल जन्मलं की सोयेर लागतं, म्हणजे दहा दिवस बाळंतिणीला आणि बाळाला घरातल्या कुणी शिवायचं नाही. स्वयंपाक सासूबाईंच्या हातात, त्यामुळे त्या तर उंबरठाच ओलांडत नसत. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, तूप घातलेला भात, सगळं ताट उंबरठ्याशी यायचं आणि मी ते आत ओढून घ्यायचे. बाळाला न्हाऊमाखू घालायला एक नाउन, म्हणजे न्हाव्याची बायको, यायची. ती तिला खालच्या मोरीत नेऊन मालीश करायची, अंघोळ घालायची, ओव्याची धुरी द्यायची आणि मग टोपड्याचे बंद असे करकचून बांधायची की वारं काय, मुंगीही आत शिरणार नाही. कानात वारं शिरलं तर पोर कायमची अधू होते, असं सासूबाईंनी पहिल्याच दिवशी उंबरठ्यावरून बजावलं होतं. गाठ सैल झाली की मी स्वतः पुन्हा आवळायचे. आईच्या हातची टोपडी होती, मन लावून आवळायचे.

“ए दुलहिन, पहिलौठी में अइसने होला,” नाउन म्हणायची, पहिल्या खेपेला असंच होतं म्हणे, आणि तूप चोळून जायची. तुपानं चिरा चकाकायच्या, बऱ्या होत नव्हत्या.

नवरा शाळेतून आला की दाराशी उभा राहायचा. डॉक्टरीणबाईंकडून मलम आणलं होतं, ते उंबरठ्यावर ठेवून म्हणाला, “त्या म्हणाल्या, सुरुवातीला होतंच असं. सवय होईल.”

“समजा, तुमची करंगळी दारात चेंगरते,” मी म्हटलं, “आणि दर दोन तासांनी पुन्हा चेंगरते. बघू या, सवय होते का.”

तो बिचारा करंगळी मुठीत घेऊन निघून गेला. मला हसू यायला हवं होतं, पण तेवढ्यात मुलगी उठली आणि पायांची बोटं वळली.

दूध नव्हतं असं नाही. छाती दगडासारखी टणक झालेली, रात्रंदिवस ठणकायची, झंपर ओले व्हायचे. पण ती ओढायची, थकायची, झोपायची आणि थोड्या वेळात पुन्हा भुकेली. रडायचीही दबक्या आवाजात. शेजारणी दारातून म्हणायच्या, किती शांत मुलगी आहे, भाग्यवान आहेस. मी दार ओढून घ्यायचे, नाहीतर भांडण झालं असतं. शांत मुलीच्या मांड्यांची कातडी सैल पडत चालली होती.

ते सासूबाईंच्या नजरेतून सुटलं नव्हतं. एके दुपारी त्या उंबरठ्याशी बसल्या आणि म्हणाल्या, “सूनबाई, पोर सुकते आहे. बारशापर्यंत बघू. नाही जमलं तर त्या दिवसापासून वरचं दूध सुरू करू. त्यात परेशान होण्यासारखं काही नाही.”

वरचं दूध म्हणजे गाईचं दूध, पाणी घालून उकळलेलं. माझ्या माहेरी एका वहिनीच्या मुलाला ते एकदा सुरू केलं आणि मग त्यानं आईकडे तोंड फिरवलं ते फिरवलंच. मी घाबरले. आणि खरं सांगते, त्याच घटकेला मला सुटल्यासारखंही वाटलं. कुणीतरी माझ्या हातून हे काम काढून घेणार होतं. पुढचे दिवस मी याच दोन टोकांना लटकत होते. मुलगी झोपली की ठरवायचे, आता काही झालं तरी मीच पाजणार. ती उठली की मनात यायचं, बारसं उद्याच का नाही.

दहा दिवस संपले. घर धुतलं गेलं, पंचगव्य शिंपडलं गेलं आणि सासूबाई पहिल्यांदा आत आल्या. त्यांनी मुलीला उचललं, तिचं वजन हातांनी जोखलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मी कापसाचा बोळा छातीशी धरून बसले होते.

बारशाच्या दिवशी दुपारी मंगला गौरीच्या देवळाकडच्या मराठी बायका येणार होत्या. सकाळी सासूबाईंनी कपाटातून बोंडलं काढलं. चांदीची लहानशी चोचीची वाटी, तिच्या चोचीतून बाळाच्या तोंडात धार सोडतात. गरम पाण्यानं ते धुतलं, त्यात कोमट दूध ओतलं आणि माझ्या खोलीत घेऊन आल्या. बोरसी, म्हणजे कोळशाची शेगडी, जवळ ओढून पाय लांब पसरून बसल्या आणि मुलीला पायांवर आडवं घेतलं.

“आधी हे टोपडं बदलते, घामेजलंय,” त्या म्हणाल्या. “मग पाजते. कुंची घालू आजच्या दिवशी.”

त्यांनी हनुवटीखालची गाठ सोडली, दुपटं मोकळं केलं आणि टोपडं काढलं. उघड्या डोक्याला गार हवा लागली, मुलीनं दोन्ही हात वर फेकले, मान मागे टाकली आणि किंचाळली.

केवढं मोठं तोंड! आतली पडजीभ दिसली मला. एवढ्या दिवसांत मी तिचं तोंड एवढं उघडलेलं पाहिलंच नव्हतं. आवाजसुद्धा अनोळखी होता, खणखणीत, दुसऱ्याच कुणाच्या मुलीचा वाटावा असा. मी टोपड्याकडे पाहिलं. बंदावर गाठीच्या जागी चुरगळून काळपट खूण पडली होती, आणि तिच्या हनुवटीखाली तशीच लाल रेघ होती. तिला तोंड उघडायलाच जागा नव्हती. जेवढं उघडत होतं तेवढ्यात जे येईल ते ती हिरड्यांत धरत होती, आणि ते माझं चिरलेलं टोक होतं.

सासूबाईंनी बोंडलं उचललं.

“आई, थांबा. द्या तिला इकडे.”

“अगं, डोकं उघडं आहे. पूसचा महिना आहे, ठंडी बसेल! टोपी तर घालू दे.”

“टोपी नको. आधी द्या.”

“वेडी आहेस का?”

मी उठले, वाकले आणि त्यांच्या पायांवरून मुलीला उचलून घेऊन पुन्हा भिंतीशी बसले. सासूच्या मांडीवरून मूल ओढून घेणारी सून त्या घरात त्याआधी झाली नसेल. मुलीचे हात मोकळेच ठेवले, मान जराशी मागे झुकू दिली. ती किंचाळत होती, आणि हे चुकलं तर मागे बोंडलं तयारच होतं. तोंड पूर्ण उघडलं तसं मी तिला छातीशी दाबलं.

पायांची बोटं वळली. दात आवळले. काजवे आले नाहीत.

दुखलं, चिरा होत्याच. पण ते टोचणं नव्हतं. खोल कुठूनतरी ओढ लागली, आणि मग तिच्या घशातून आवाज आला, घटक, आणि पुन्हा घटक. दुसऱ्या बाजूनं पान्हा फुटून लुगडं भिजायला लागलं. मी रडत होते आणि हसतही होते, नाक गळत होतं, पुसायला हात मोकळा नव्हता.

सासूबाई बोंडलं हातात घेऊन तशाच बसून होत्या. आता ओरडतील असं वाटलं. त्यांनी बोंडलं जमिनीवर ठेवलं, माझ्याजवळ सरकल्या आणि मुलीच्या उघड्या डोक्यावर आपला तळवा झाकणासारखा धरला. घटक घटक ऐकत राहिल्या. मग हनुवटीखालच्या त्या लाल रेघेवरून बोट फिरवलं.

“याला पण अशीच होती,” त्या हळूच म्हणाल्या. याला म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्यांच्या एकुलत्या एक मुलाला. “मी म्हणायचे, टोपड्याचा रंग लागलाय.”

मुलगी पीतच होती.

“माझ्या सासूबाईंनी सगळ्यांना सांगितलं, हिला दूधच नाही. बोंडल्यावर वाढला तो. माझा पदर भिजायचा, मी म्हणायचे घाम आहे. मला नाहीच म्हटल्यावर दुसरं काय असणार?”

खाली दाराची कडी वाजली. बायका आल्या होत्या, जिन्यात त्यांचं बोलणं ऐकू यायला लागलं. सासूबाईंचा हात मुलीच्या डोक्यावरून हलला नाही.

“सूनबाई,” त्यांनी विचारलं, “म्हणजे मला होतं का गं?”

“होतं, आई,” मी म्हटलं.