पेशंटच्या आईला मराठीत सांगा

परळपासून गिरगावपर्यंत रक्ताच्या कॅन्सरवर जिथे म्हणून डॉक्टरांची परिषद भरते, तिथल्या वक्त्यांना आजारापेक्षा आमच्या सरांची धास्ती जास्त असते. सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची त्यांचीच. आम्ही त्यांचे विद्यार्थी परवान्याला लागणाऱ्या क्रेडिट पॉइंटसाठी सही ठोकतो आणि जेवणात काय आहे याचा वासावरून अंदाज घेत बसतो. सर मात्र उद्या परीक्षा असल्यासारखे ऐकतात. बरं, ऐकून गप्प बसावं, तर तेही नाही. व्याख्यान संपलं की माइक त्यांच्या हातात, आणि मागणी कायम तीच: ‘छान. आता हे पेशंटच्या आईला मराठीत सांगा.’ एकदा एक बडे तज्ज्ञ नव्या उपचारावर अस्खलित इंग्रजीत बोलले. पेशंटच्याच पेशी काढायच्या, त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवायचं आणि परत शरीरात सोडायच्या, असा तो उपचार. सरांनी मराठीत सांगायला लावल्यावर ते ‘म्हणजे आपलेच पोलीस, ट्रेनिंगला पाठवून...’ इथवर आले आणि त्यांनी पाणी मागितलं. सरांचं समाधान नाहीच. ताप आला तर कुणाला फोन करायचा, ते राहिलं म्हणाले. आम्ही तोंडावर रुमाल धरून हसलो. म्हाताऱ्याचा छंद, असंच आम्ही धरून चाललो होतो.

परवा गणपती गेल्यावर सर मला म्हणाले, रविवारी लालबागला जेवायला चल. एका जुन्या पेशंटचे वडील, गिरणीतून निवृत्त झालेले मालवणी काका, गणपतीनंतर मासे सुरू झाले की सरांना दरवर्षी बोलावतात. रविवारी चालता चालता सरांनी सांगितलं. काकांच्या मुलीला ल्युकेमिया होता. पहिले उपचार संपले, रिपोर्ट उत्तम आला. सर परिषदेला निघाले होते. घाईघाईत व्हरांड्यातच ‘रक्त स्वच्छ झालं, पेढे वाटा’ म्हणाले आणि टॅक्सीत बसले. घरच्यांनी पेढे वाटले आणि गोळ्या बंद केल्या. आजार उलटला, मुलगी गेली. पेढे वाटायला सांगितलं, त्या दिवशी परिषदेत सरांचं भाषण नेमकं, रिपोर्ट चांगला आल्यावरही गोळ्या का चालू ठेवायच्या, यावर होतं. टाळ्याही पडल्या होत्या.

“काका दरवर्षी म्हणतात, आमचंच चुकलं. आणि मी मान खाली घालून सुरमई खातो,” सर म्हणाले. “लाज वाटते रे. आज सांगणार आहे. तू बरोबर असलास की पळता येणार नाही.”

काकांची बायको शिमग्यात वारली, त्यामुळे या वर्षी रांधलं काकांनीच. जेवणं झाली. काका तांब्या घेऊन सरांच्या हातावर पाणी घालायला आले, तेव्हा सरांनी सांगितलं. एकही इंग्रजी शब्द न वापरता, सगळं. शेवटी म्हणाले, “चूक तुमची नव्हती. माझी होती.”

काका रागावले असते तर बरं झालं असतं.

“हे तिच्या आईला सांगायला हवं होतं, डॉक्टर,” ते म्हणाले. “जाईपर्यंत बोलायची, गोळ्या मी बंद केल्या, पोर माझ्यामुळे गेली.”

मग त्यांनी सरांच्या हातावर पाणी घातलं, टॉवेल दिला आणि दारापर्यंत सोडायला आले. माझीही मान वर होईना. जिना उतरताना मी हात पुढे केला, तो सरांनी घेतला नाही. खाली आल्यावर ते चाळीच्या दाराशी थांबले.

“त्या बाई वाढताना माझ्याकडे कधी बघायच्या नाहीत,” ते म्हणाले. “मला वाटायचं, रागावल्यात.”