पाव फेऱ्याचे मिस्त्री

मिस्त्री हात धुवायला बसले की कोणी त्यांच्याशी बोलायचं नाही. जाम गावच्या चौफुलीवर तीस वर्षं ट्रकखाली निजून काम केलेला माणूस. ग्रीस त्यांच्या नखांत नव्हतं, कातडीतच होतं. तरी आधी डिझेल, मग कपड्याचा साबण, मग दवाखान्यातलं औषधी पाणी, असं कोपरापर्यंत चालायचं. मग हात वर धरून, दार पायानं ढकलून ते माझ्या भाचीपाशी येत. "झाला का अभ्यास, मॅडम? द्या पाय."

परी तेव्हा सात वर्षांची. तान्ही असताना हाडात पू झाला आणि उजव्या पायाची वाढ खुंटली. डॉक्टरांनी हाड कापून पायाभोवती लोखंडी रिंगा बसवून त्या तारांनी हाडात अडकवल्या. त्यांचे नट दिवसातून चार वेळा पाव-पाव फेरा फिरवायचे. कापलेल्या जागी रोज एक मिलिमीटर फट वाढते आणि तिथं नवं हाड धरतं. फिरवायचं घरच्यांनी. ताईला ते पाच मिनिटांत दाखवलं आणि घरी पाठवलं. लेकराचं हाड वाढवण्याचं काम पाच मिनिटांत शिकवतात, यावर मी त्याच दिवशी आमच्या संघटनेचं पत्रक लिहिलं. पण पाना धरला की ताई डोळेच मिटून घ्यायची, आणि भाऊजी ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. म्हणून शेजारचे मिस्त्री.

आधी ते नाही म्हणाले. "ट्रक रडत नाई, पोरी." मग स्वतःच एसटीनं दवाखान्यात गेले आणि नर्सकडून तीनदा शिकून आले.

आम्ही सगळे परीला "काही नाही होत" म्हणायचो. मिस्त्री कधीच नाही. "दुखीन. पाच मोजजो, तंवर दुखीन." परी मोजायची. कधी तीनवरच ओरडायची.

माझं त्यांचं पटायचं नाही. वर्गाच्या दारात दोन पायऱ्या आहेत म्हणून शाळेनं परीला बरी होईपर्यंत घरीच ठेवायला सांगितलं. मी निवेदन दिलं, पोच घेतली, दुसरं निवेदन दिलं. मिस्त्रींनी रविवारी ट्रकच्या जुन्या फाळक्याचा उतार करून तिथं टाकला.

"तुह्या कागदाले उत्तर आलं का?"

"येईल. प्रश्न एकट्या परीचा नाही. उद्याच्या मुलांचं काय?"

"मंग उद्याचे लेकरं काय तो फाळका उचलून फेकतीन?"

मग तो एक्स-रे. आधीचे दहा दिवस परीला ताप होता, तारांच्या तोंडाशी लाली होती, झोप नव्हती. डॉक्टर फोटो बघून म्हणाले, फट निम्मीच वाढली आहे, हाड मधेच जुळायला लागलंय. फिरवत नव्हता का? ताई रडत शपथा घेऊ लागली. दारात उभे असलेले मिस्त्री पुढे आले.

"त्या मायले बोलू नका. दुपारी अन संध्याकाळी मी नुसता पाना लावून ठेवत होतो. फिरवत नोतो. लेकरू लय थकलं होतं."

डॉक्टरांनी आठ दिवस दिले. एकही फेरा चुकवायचा नाही. तरीही फट वाढली नाही, तर हाड पुन्हा कापायचं.

व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. "तुम्हाला कोणी अधिकार दिला? तुमच्या दयेपायी ती पुन्हा टेबलावर जाईल." मी सभेत बोलते त्या आवाजात बोलले. बाकांवरची माणसं वळून बघत होती.

"बरोबर हाय," ते म्हणाले. परतीच्या एसटीत ते मागच्या सीटवर जाऊन बसले. पाना मी घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी परीनं उशी दातात धरली. मी पाना लावला, आणि माझा हात हलेना.

"मावशी, मिस्त्रीबाबा बी असेच थांबत होते."

"तुले माहीत होतं?"

"मीच म्हटलं होतं, आईले नका सांगू."

मी फिरवला. तिचा आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल. संध्याकाळी मी गॅरेजात गेले. ट्रकखालून त्यांचे फक्त पाय दिसत होते. "चला," मी त्या पायांना म्हटलं. ते सरकत बाहेर आले आणि डिझेलचा डबा शोधू लागले.

पुढचे दिवस त्यांनी परीच्या तोंडाकडे बघितलंच नाही. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोवर नजर ठेवून चारही वेळा पुरा पाव फेरा द्यायचे, आणि पाना खाली ठेवला की अंगणात जाऊन उभे राहायचे. आठव्या दिवशी फट वाढलेली दिसली. ताईनं पेढे नेले, तर मिस्त्री म्हणाले, "गुडघा वाकला का आधी?" रिंगांमुळे आखडलेला तो गुडघा आजही पुरता वाकत नाही.

मागच्या हिवाळ्यात मिस्त्री गेले. छातीत कळ आली, दवाखाना गाठायलाही वेळ मिळाला नाही. मी त्यांची माफी मागितली नव्हती. शेजारी होते, रोज दिसायचे, राहूनच गेलं.

परी आता अकरा वर्षांची आहे. अंग वाढलं, तो पाय पुन्हा मागे पडला. पुढच्या महिन्यात परत रिंग. या वेळी फिरवणार मी. काल तिनं विचारलं, "मावशी, तू थांबशील का?"

"नाही," मी म्हटलं. डॉक्टर काय म्हणाले होते, ते सगळं तिला नीट समजावून सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "थोडीशी थांबजो. मंग फिरवजो."