खाबुऱ्याला चढाईपटू मागायला गेलो

ओमानात राहणारे लोक सुट्टीला वाळवंट बघायला जातात, नाहीतर वादीतल्या, म्हणजे डोंगरातल्या ओढ्यातल्या, पाण्यात डुंबतात. आम्ही एका शुक्रवारी सीबहून खाबुऱ्याला निघालो ते गुहागरकडच्या एका बाईची परवानगी काढायला. ही कल्पना माझी नव्हती, कोचची होती.

कोच म्हणजे वॉल्टर. अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉल संघांचे मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांची उभी हयात गेली. बायको इथल्या शाळेत शिकवते, म्हणून तेही आले. तीसुद्धा त्यांना कोचच म्हणते. आम्हा कोकणवाल्यांचा कबड्डीचा सराव पाहून त्यांनी आधी "तुमचा चेंडू हरवलाय का?" अशी चौकशी केली. चेंडू मुळातच नसतो म्हटल्यावर हरखले. "मी हरलेले सगळे सामने चेंडूमुळेच हरलो," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी शिट्टी घेऊन हजर!

आमची अडचण म्हणजे नितेश. खाबुऱ्यात एसी दुरुस्त करतो, चढाईला त्याच्यासारखा कोणी नाही. पण गेल्या वर्षी खांदा निखळला आणि आईने त्याला खेळायचं नाही म्हणून शपथ घातली. शनिवारी इब्राला सामना होता आणि तो सारखा एकच सांगायचा, "आयेला विचारा."

"म्हणजे घरी जायचं," कोच म्हणाले. "आमच्याकडे असंच करतात."

तुम्हालाही जायचं असेल तर किनाऱ्याकडचा जुना रस्ता घ्या. एक्स्प्रेसवेने वेळ वाचतो, पण टपरीवरचा शंभर बैसांचा करक चहा हुकतो. वेगाचे कॅमेरे जागोजागी आहेत. आणि शुक्रवारी दुपारच्या नमाजाला दुकानं बंद होतात, तेव्हा पोटाचं आधी बघा.

वाटेत कोचनी आपली सगळी कारकीर्द सांगितली. पहिलं कॉलेज इतकं लहान की मैदानावरचं गवतही तेच कापायचे. मग मोठं कॉलेज, मग त्याहून मोठं. दर वर्षी पोरं निवडायला घरोघर जायचं, स्वयंपाकघरात बसायचं, आई वाढेल ते खायचं आणि म्हणायचं, "तुमचा मुलगा पदवी घेईपर्यंत मी इथेच आहे." मग वरच्या कॉलेजातून फोन आला की निघायचं. पोरांना टीव्हीवर कळायचं. शेवटच्या कॉलेजचं स्टेडियम तर गावाहून मोठं होतं. तिथे हरल्यावर ते घरी पोहोचायच्या आत कोणीतरी त्यांच्या अंगणात ‘घर विकणे आहे’ अशी पाटी ठोकून गेलं होतं.

खाबुऱ्याच्या अलीकडे गाडीच्याच स्पीकरवर फोन आला. अमेरिकेतलं एक कॉलेज, मुख्य प्रशिक्षकाची जागा, उत्तर रविवारपर्यंत हवं.

"पोरांना सांगू नकोस," कोच म्हणाले. दोन दिवस गप्प बसायचं, एवढंच. मला ते सहज जमणार होतं.

नितेशच्या खोलीवर सुरमईचं कालवण तयार होतं. गुहागरला व्हिडिओ कॉल लावून मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. पडद्यावर आई आली तशी कोचनी टोपी काढली आणि तिच्या स्वयंपाकघराचं कौतुक केलं. मागे फक्त गॅसचा सिलिंडर दिसत होता.

"आधी जेवूं द्या त्यांना," आई म्हणाली. "नित्या, काटे काढून दे रे!"

कोच जेवले. मोबाईलसमोर, घाम पुसत, दोनदा भात मागून. मग डावपेचांचं कार्ड तोंडासमोर धरून "आता पोराला माग," असं माझ्या कानात कुजबुजले. शत्रूने ओठ वाचू नयेत म्हणून. खोलीत शत्रू म्हणावा असा फक्त नितेशचा रूममेट होता, तो झोपला होता.

"त्याच्या खांद्याकडं तुमी सोता बघाल ना?" आईने विचारलं. "आणि तुमी हितं ऱ्हाणार किती दिस?"

मी भाषांतर केलं. कोच घास चावतच राहिले. 'पुष्कळ दिवस' एवढं म्हणाले असते तरी नितेश आमचा होता.

"मॅडम, माहीत नाही," ते म्हणाले. "कदाचित याच आठवड्यात जाईन."

मी शब्दाला शब्द सांगितलं. नितेश ताटं गोळा करू लागला.

आई हसली. "ह्याचे बाबा पण आखातातच हायत. दर गणपतीला सांगतात, औंदा कायमचा येतो. तुमी खरं तरी बोललात." मग आवाज चढवून, "न्या पोराला. पण मला न सांगता जायाचं नाय!"

शनिवारी आम्ही इब्राला हरलो. शेवटच्या चढाईत कोचनी कार्ड वर केलं, नितेश ते बघायला थांबला आणि पाच जणांनी त्याला पकडलं. खांदा शाबूत राहिला. रविवारी कोचनी कॉलेजला होकार कळवण्याआधी माझ्या मोबाईलवरून गुहागरला फोन केला. आईने प्रवासात काय खाणार, तेवढं विचारलं.

परवा संध्याकाळी घरी भेंडी चिरत होतो, तर कोचचा व्हिडिओ कॉल. तिकडे सकाळ. ते कुठल्याशा अमेरिकन स्वयंपाकघरात, समोर पॅनकेक, शेजारी एक धिप्पाड पोरगा आणि हाताची घडी घातलेली त्याची आई.

"ही विचारतेय, मी किती दिवस राहणार," कोच म्हणाले. "नितेशच्या आईला जोड."

जोडलं. तिने पडद्यावरच्या त्या परक्या आईला नीट न्याहाळलं.

"बाय, हा मानूस ऱ्हायाचा नाय," ती म्हणाली. "पण जाताना सांगून जाईल. दे पोराला."

मी सुरी खाली ठेवली आणि शब्दाला शब्द सांगितलं.