बेसमेंटमधलं तेल

नवऱ्याला रिफायनरीत नोकरी लागली म्हणून आम्ही मिल्टन शहर सोडून त्या जुन्या तेलाच्या गावात गेलो. कधीकाळी तिथे जमिनीतून तेल निघालं, माणसं बघता बघता गबर झाली आणि त्यांनी पिवळ्या विटांची, मनोऱ्यांची, नक्षीदार व्हरांड्यांची व्हिक्टोरियन घरं बांधली. तेल आटलं, तोरा तेवढा उरला. त्यातलंच एक घर आम्ही घेतलं.

पहिल्या हिवाळ्यात बंद खिडक्यांतूनही इतका वारा यायचा की पडदे हलायचे. मी दर्शनी बाजूच्या दोन खिडक्या बदलून घेतल्या. आठवड्याच्या आत नगरपालिकेची नोटीस आली: घर हेरिटेज आहे, लाकडी चौकटी परत बसवा. तक्रार शेजारच्या बाईंची होती. सत्तरी ओलांडलेल्या, तेलविहिरींच्या मालकाची नात. मी विचारायला गेले, तर त्यांनी दार अर्धंच उघडलं.

"मला आधी सांगायचं होतंत," मी म्हणाले.

"तुम्ही लोक ही घरं विकत घेता, पण तुम्हाला ती कळत नाहीत."

दार लागलं. चौकटी परत बसवल्या. बाईंशी बोलणं टाकलं. मीही काही कमी नव्हते. फावड्याने बर्फ काढताना ढीग मुद्दाम त्यांच्या कुंपणाकडे लोटायचे.

बर्फ वितळला आणि बेसमेंटमध्ये घाण वास यायला लागला, सडकी अंडी आणि रॉकेल एकत्र केल्यासारखा. आमची सहा वर्षांची मुलगी तिथेच खेळायची. कोपऱ्यातली फरशी काळी, चिकट झाली होती. तपासायला आलेल्या माणसाने फरशी उचलली आणि म्हणाला, "खाली जुनी तेलविहीर आहे. त्या काळी तेल आटलं की विहिरीच्या तोंडात लाकडाचा ओंडका ठोकायचे आणि मोकळे व्हायचे."

मी बरणीत ते काळं तेल भरलं आणि थेट बाईंच्या दारात उभी राहिले.

"हेही हेरिटेजच ना?"

बाईंनी बरणीकडे पाहिलं. चेहऱ्यावर आश्चर्याचा मागमूस नव्हता. "माझ्या आजोबांची विहीर. आधीच्या मालकांच्या वेळीही तेल वर यायचं."

"मग सांगितलं का नाहीत? माझी पोर खाली खेळते!"

"तुम्ही विचारलं नाहीत."

बरणी त्यांच्या पायरीवर ठेवून मी निघून आले.

विहीर सिमेंटने बुजवायला अंगणात मशीन आणावं लागलं. बाईंनी आवाजाची तक्रार केली. नगरपालिकेच्या अधिकाऱ्याने ती वाचली, हसला आणि घडी घालून खिशात टाकली. त्या वर्षातला माझा तेवढाच विजय.

यंदा घर विकायला काढलं. एजंट डोळे वटारत होता, तरी बघायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी बेसमेंटमध्ये नेलं आणि विहिरीची जागा दाखवली. पहिली दोन कुटुंबं चहा न घेताच गेली. तिसऱ्यांनी सिमेंटच्या कामाचे कागद मागितले, उभ्या उभ्या वाचले आणि मग विचारलं, "शेजार कसा आहे?"

तेही मी खरं सांगितलं.