आत्याबाईंची तुरीची डाळ

आमच्या आत्याबाईंना दिवसा आडवं पडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. हिवरखेडला वांग्या-मिरच्यांची वाडी त्या एकट्यानं पिकवत, बाजाराचं टोपलंही स्वतःच उचलत. "दिवसा लोयाले मी काय म्हैस हाओ?" म्हणत दुपारी पेंगणाऱ्या जावयालाही त्या उठवून बसवत.

माझे बाबा त्यांचे धाकटे भाऊ. बाबांच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा त्या पिशवी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "दोन हायेत न मायापाशी? मंग एक घे." गिऱ्हाइकाला मापावर एक वांगं जास्त टाकावं, तितक्या सहज!

ऑपरेशननंतर दोघंही आमच्या राजापेठच्या घरी आले आणि भलतंच झालं. दोन वर्षं पलंग न सोडणारे बाबा मास्क लावून गच्चीवर फेऱ्या मारू लागले, आणि आत्याबाई न्हाणीघरातून आल्या तरी भिंतीला टेकायच्या. थकवा काही आठवडे राहणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण कबूल करतील तर त्या आत्याबाई कसल्या!

"म्या त्याले किडनी देल्ली, त्यानं मले आपली झोप देल्ली," एवढं माझ्या कानात म्हणाल्या आणि लगेच दटावलं, "भाऊले सांगू नोको. मनाले लावून घेते थो."

मग त्यांनी युक्ती काढली. दुपारी घरच्या तुरीच्या डाळीची परात मांडीवर घेऊन त्या भिंतीशी बसायच्या. दोन मिनिटांत हनुवटी छातीवर, मुठीत डाळ तशीच. तासाभरानं दचकून उठायच्या, तर परातीतली डाळ निवडून तयार!

"पाह्य! कोन म्हनते मी झोपली?"

एक दिवस क्लास लवकर सोडून मी घरी आले. आत्याबाई चक्क घोरत होत्या आणि समोर उकिडवे बसून बाबा, नाकावर मास्क, मास्कवर चष्मा, चोरासारखी डाळ निवडत होते. मला पाहताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"चूप राय," ते पुटपुटले. "आपल्याच्यानं काम होत नाई असं वाटलं, तं खचून जाईन थे."

मला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले.

वरणात मात्र रोज कचकन खडा लागायचा. एका खड्यासाठी घर डोक्यावर घेणाऱ्या आत्याबाई मुकाट्यानं जेवायच्या. याचंच मला नवल वाटे.

दोन-अडीच महिन्यांनी बाबा असेच पाय न वाजवता आले, तर आत्याबाई टक्क जाग्या.

"काय पाह्यतं रे?"

"काई नाई. पानी प्याले आलतो."

त्या दिवशी बिनखड्याचं वरण जेवलो. आत्याबाई बऱ्या झाल्या, हे मला तेव्हा पटलं.

त्या निघाल्या तेव्हा मी स्टँडवर सोडायला गेले. पिशवी मला उचलू देईनात. बसमध्ये बसल्यावर खिडकीतून म्हणाल्या, "तुया बापाच्या चष्म्याचा नंबर पाहून घे वो. एवढाले खडे दिसत नाई त्याले."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"पयल्याच दिवशी जाग आलती. पन दोन वर्सानं हातात काम घेऊन बसला होता, तं बसू देल्लं. डोये मिटले का मलेबी झोप लागे."

मग त्यांनी गाल बोटानं ओढून दाखवला. मागची एक दाढ अर्धी तुटली होती.

"किडनी गेली थे त्याले मालूम हाये," त्या म्हणाल्या. "दाढ गेली थे सांगू नोको. मनाले लावून घेते थो."