नाक धरणाऱ्या बाई

संकटात देव माणसाच्या रूपाने धावून येतो. जुईनगरच्या मैदानावर खो-खोचा अंतिम सामना रंगात आला असताना माझ्या लेकीच्या नाकातून पुन्हा रक्त आलं, तेव्हा तो विरुद्ध संघातल्या मुलीच्या आईच्या रूपाने आला. मी लेकीची मान मागे करत होतो.

"ओ भाऊ, मान पुढं! रक्त गिळायला लावताय का?" म्हणत बाईंनी तिचं नाक चिमटीत धरलं, ते सोडेचनात. दुसरा हात हवेत नाचवत स्वतःच्या मुलीला ओरडत होत्या, "पळ गं, पळ!"

रक्त थांबलं.

"नेहमी येतं? नखं कापा, नाक कोरते ती. आणि आज धावायचं नाय."

आमची सगळ्यात चपळ खेळाडू बाहेर! मला संशय आला, तरी लेकीला बसवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनीही तेच सांगितलं.

चषक मात्र त्या बाईंच्याच मुलीने उचलला होता.