तिसरं कुणी नव्हतं

गेल्या वर्षी दिवाळीनंतर, औंधला आमच्या घरी, देव्हाऱ्यासमोर बेलभंडारा उचलून मी खोटं बोललो. समोर माझी थोरली बहीण बसली होती. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही.

मी सांगलीत एका दैनिकात काम करतो. रविवारच्या पुरवणीत सिनेमाची परीक्षणंही लिहितो. त्या आठवड्यातला सिनेमा विनोदी होता, मधूनमधून रडवणारा. नवऱ्याचं बाहेर प्रकरण, घर मोडायला येतं, शेवटी सगळे एका पंगतीला बसतात. मध्यंतरात चहाच्या रांगेत दाजी दिसले — आक्काचे यजमान, फौजेतून निवृत्त, राहायला साताऱ्यात. शेजारी एक बाई होती. तिची पर्स दाजींच्या हातात होती.

“काय पावणं, एकटंच?” दाजी म्हणाले. आवाज जराही हलला नाही.

मी काय म्हणालो? “फुकटचा पास हाय.” एवढंच. आत जाऊन उरलेला सिनेमा पाहिला. परीक्षणाच्या शेवटी लिहिलं — सहकुटुंब पाहावा.

आक्कानं ते वाचलं आणि दाजींना घेऊन साताऱ्यात तोच सिनेमा पाहिला. दाजी तिथं सापडले.

“बापू, पडद्यावरचा माणूस पडायच्या आदीच ह्यास्नी हसू येत हुतं,” ती फोनवर म्हणाली. “कवा बघितला ह्यांनी? कुणाबरं? तुजं नाव सांगत्यात.”

मी हो म्हणालो.

तिचं समाधान झालं नाही. त्या बाईबद्दल तिच्या कानावर आधीच काही आलं होतं. ती बॅग भरून औंधला आली. परत जाणार नाही म्हणाली. मग दोन्हीकडची माणसं बसली. आमच्यात असा वाद भंडाऱ्यावर मिटतो. बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन जो बोलतो, त्याला पुन्हा कुणी विचारत नाही. दाजी पुढं झाले. आक्कानं हात आडवा केला.

“तुमी नगं. बापू उचलंल. त्यो पेपरात लिवतो त्येबी चार ठिकाणी इचारून. त्यो म्हणंल ते मी मानीन.”

माझ्या मुलीची सोयरीक दाजींच्या चुलतभावाच्या घरी ठरली होती. ते सगळे समोर बसले होते — तुम्हाला हेही सांगायला हवं.

मी भंडारा उचलला आणि बातमी सांगावी तसं सांगितलं. थिएटर कोणतं, दुपारचा खेळ, मध्यंतरातला चहा. तेवढं सगळं खरं होतं. मग शेवटचं वाक्य — तिसरं कुणी नव्हतं.

आक्का उठली आणि सगळ्यांसमोर दाजींच्या पाया पडली. “माजंच डोस्कं फिरलं हुतं,” म्हणाली. मामा म्हणाले, “आगं, ह्या पेन्शनरावर भाळंल कोण?” सगळे हसले. मीही हसलो — आक्काकडे बघत.

त्यानंतर घरात तिच्या संशयाला आजार म्हणू लागले. आधी तिचा मुलगा, मग सून, मग ती स्वतः. मलकापूरच्या एका डॉक्टरांकडे गोळ्या सुरू झाल्या. पहिल्यांदा तिला घेऊन मीच गेलो. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं — संशयाला काही आधार आहे का? मी नाही म्हणालो. मुलीचं लग्न तोवर होऊन गेलं होतं. मग तिथं कशाला खोटं बोललो? भंडारा नव्हता, माणसं नव्हती, कुणी अडवलं नव्हतं.

मागच्या महिन्यात आक्काचा फोन आला. साताऱ्याच्या एसटी स्टँडवर तिनं दाजींना एका बाईबरोबर पाहिलं होतं.

“बापू, मला परत तसलं दिसाय लागलंय रं. गोळी वाढवून घ्यावी का?”

“डॉक्टरास्नी इचार,” मी म्हणालो.

तिनं विचारलं. गोळी वाढली आहे.